अल्माटीहून ताश्कंदला जमिनीच्या वाटेनं: व्हिसा, सरहद्द आणि पाठीवरची सॅक

पाणचक्कीला आपण सगळेच जातो. लहान मुलांना हौदातले मासे दाखवतो, फोटो काढतो आणि परत येतो. तिथं ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर मूळचे कुठले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. ते आजच्या उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवान या गावचे. त्यांचे पीर बाबा पलंगपोश हेही तिकडचेच. सतराव्या शतकाच्या शेवटी हे नक्शबंदी बुजुर्ग दख्खनमध्ये पोहोचले, आणि त्यांच्या तकियात मध्य आशियातून येणारे प्रवासी, फकीर, शिपाई मुक्कामाला थांबत. 'मलफूजाते नक्शबंदिया' या फारसी ग्रंथात त्या लोकांची हकीकत आहे. सायमन डिग्बी यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००१ साली आला.

म्हणजे बुखारा ते औरंगाबाद ही जमिनीची वाट आपल्या शहराला जुनी ओळखीची आहे. आता आपली पोरं उलट्या दिशेनं निघायचं म्हणतात. औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानांसमोर, कॉलेजच्या गेटवर, आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा हाच प्रश्न येतो: सर, पाठीवर सॅक टाकून समरकंद-बुखारा बघून येता येईल का? टूर कंपनी न घेता? एका देशातून दुसऱ्या देशात बसनं किंवा पायी जाता येतं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. येतं. पण आपल्या समाजात पासपोर्ट म्हणजे हज, उमरा नाहीतर आखाती नोकरी, एवढाच त्याचा उपयोग राहिला. तिन्ही वेळा कागदपत्रं दुसराच कुणीतरी बघतो. त्यामुळे व्हिसा स्वतः काढायचा म्हटलं की हात थरथरतात. म्हणून आम्ही हे टप्प्याटप्प्यानं मांडतो आहोत.

ही वाट निवडायचं कारण

कझाकस्ताननं जुलै २०२२ पासून भारतीय पासपोर्टधारकांना एका वेळी १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला आहे. १८० दिवसांत सगळे मुक्काम मिळून ४२ दिवसांची मर्यादा आहे. शेजारच्या उझबेकिस्तानला व्हिसा लागतो, पण तो घरबसल्या ऑनलाइन मिळतो. दूतावासात जावं लागत नाही, पासपोर्ट कुरियरनं पाठवावा लागत नाही.

दुसरं कारण घरगुती आहे. कझाकस्तान, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान इथं भारतातले हजारो विद्यार्थी एमबीबीएस शिकतात. त्यात मराठवाड्यातली मुलंही आहेत. त्यांच्या आई-वडिलांना कधीतरी तिकडं जाऊन मुलगा-मुलगी कशी राहते ते बघायचं असतं. त्यांनाही हीच माहिती लागते.

साधा मार्ग असा: विमानानं अल्माटी. तिथून रात्रीच्या रेल्वेनं शिमकेंत, अंतर साधारण ७०० किलोमीटर. वेळ असेल तर शिमकेंतहून तुर्किस्तान शहरात जाऊन ख्वाजा अहमद यसवी यांचा मकबरा बघता येतो; तैमूरनं बांधलेली ही इमारत २००३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मग शिमकेंतहून टॅक्सीनं किंवा मिनीबसनं सरहद्द. पलीकडं थोड्याच अंतरावर ताश्कंद. ताश्कंदहून 'अफ्रासियाब' या वेगवान रेल्वेनं दोन-सव्वादोन तासांत समरकंद, आणि पुढं बुखारा. बुखाऱ्याहून गिज्दुवान तासाभराच्या अंतरावर आहे.

विमानाचं तिकीट काढताना एक लक्षात ठेवा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून अल्माटी आणि ताश्कंदला जाणारी इंडिगोची उड्डाणं थांबली. म्हणून जुन्या यूट्यूब व्हिडिओतला खर्च आणि वेळ धरून बजेट करू नका. तिकीट काढायच्या दिवशी कोणती विमानं चालू आहेत ते बघा.

आधी पासपोर्ट उघडून वाचा

हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. बहुतेक अडचणी व्हिसाच्या आधीच, पासपोर्टच्या पहिल्या पानावर सुरू होतात. आपल्याकडं तर जास्तच.

आपल्या नावांची तऱ्हा बघा. शाळेच्या दाखल्यावर 'शेख मोहम्मद अमुक', आधारवर 'मोहम्मद अमुक शेख', पॅनवर 'मोहम्मद'चं आखूड केलेलं रूप. कुठं आडनाव आधी, कुठं वडिलांचं नाव मध्ये. इंग्रजी स्पेलिंग चार ठिकाणी चार. घरात सगळ्यांना कळतं की माणूस एकच आहे. सरहद्दीवरच्या कॉम्प्युटरला कळत नाही. व्हिसाच्या अर्जात नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, अक्षर न अक्षर, लिहायचं. विमानाच्या तिकिटावरही तेच.

काही पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो आणि सगळं नाव एकाच शब्दात असतं. संयुक्त अरब अमिरातीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये असं एकशब्दी नाव असलेल्यांना टुरिस्ट व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली. मध्य आशियाची बरीच स्वस्त तिकिटं शारजा किंवा दुबईमार्गे असतात. तिथं बाहेर पडून एक दिवस थांबायचा बेत असेल तर हा नियम आडवा येईल. नाव दुरुस्त करून पासपोर्ट पुन्हा काढायला वेळ लागतो, म्हणून हे काम प्रवासाच्या तीन-चार महिने आधी उरकावं.

आता जन्मगावाचा प्रश्न. २०२३ मध्ये शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. जुन्या पासपोर्टवर औरंगाबाद आहे, नव्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर. अर्ज भरताना काय लिहायचं, असं मुलं विचारतात. उत्तर एकच: पासपोर्टवर जे आहे तेच. पासपोर्टवर औरंगाबाद असेल तर अर्जात औरंगाबाद. इथं आपलं मत, आपली भावना, दोन्ही बाजूला ठेवायचं. अर्ज आणि पासपोर्ट जुळले की काम झालं.

मुदतही बघून घ्या. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने पासपोर्ट चालू असावा आणि शिक्क्यांसाठी दोन-तीन पानं कोरी असावीत. पासपोर्ट नसेल तर ३६ पानांच्या नव्या पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये आहे. अर्ज सरकारी पोर्टलवर स्वतः भरता येतो. आपल्या शहरातल्या पोस्टाच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अपॉइंटमेंट घेऊन कागदपत्रं दाखवता येतात.

उझबेकिस्तानचा ई-व्हिसा

ही सोय जुलै २०१८ मध्ये सुरू झाली. पोर्टल सरकारी आहे आणि त्याचा पत्ता 'ई-व्हिसा डॉट गव्ह डॉट यूझेड' असा संपतो. गूगलवर शोधलं की याच्या वर चार-पाच खासगी वेबसाइट येतात. दिसायला सरकारीच वाटतात, आणि फी कितीतरी जास्त घेतात. काही नुसतीच फसवणूक असते. पत्त्यात 'गव्ह' आहे का, ते आधी वाचायचं.

लागतं काय? पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा स्वच्छ स्कॅन, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, ईमेल आणि परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड. आपल्याकडच्या बऱ्याच डेबिट कार्डांवर हा व्यवहार बंद असतो. तो बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करावा लागतो. एकदाच प्रवेशाच्या व्हिसाची फी २० डॉलर, दोनदा प्रवेशाची ३५ आणि अनेकदा प्रवेशाची ५० डॉलर ठरलेली आहे. मुक्काम ३० दिवसांपर्यंत. अर्ज निदान तीन कामाचे दिवस आधी करायचा असतो. आम्ही म्हणू, दोन आठवडे आधी करा. फोटो किंवा स्कॅन नापास झाला तर पुन्हा अर्ज करायला वेळ राहतो.

'एकदा' आणि 'दोनदा' यातला फरक नीट समजून घ्या. समरकंदपासून ताजिकिस्तानचं पंजाकेंत शहर जवळ आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी यावं, असं कुणालाही वाटेल. पण एकदाच प्रवेशाच्या व्हिसावर उझबेकिस्तानातून बाहेर पाऊल टाकलं की तो व्हिसा संपला, मग त्यातले २५ दिवस शिल्लक असले तरी. हॉटेल समरकंदला, सामान समरकंदला आणि तुम्ही पलीकडं अडकलेले. असा बेत असेल तर दोनदा प्रवेशाचा व्हिसा आधीच काढायचा, आणि ताजिकिस्तानचा व्हिसा वेगळा.

व्हिसा ईमेलवर पीडीएफमध्ये येतो. मोबाइलमध्ये ठेवाच, शिवाय दोन छापील प्रती काढा. सरहद्दीवर बॅटरी संपली, नेट नाही, ही सबब कुणी ऐकत नाही. आणि आल्याबरोबर व्हिसावरचा पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, नाव पासपोर्टशी ताडून बघा. एक आकडा चुकला असला तरी घरी असतानाच दुरुस्त होतो.

विमानतळाचा नियम जमिनीवर चालेलच असं नाही

बॅकपॅकवाल्यांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते इथं. अनेक देशांत व्हिसाची सवलत प्रवेशाच्या ठिकाणाला बांधलेली असते. आपल्या ओळखीचं उदाहरण इराणचं. इराणनं फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीयांना १५ दिवस व्हिसामाफी दिली, पण ती फक्त विमानानं येणाऱ्या पर्यटकांना. जमिनीच्या सरहद्दीवर व्हिसा लागतच होता. पुढं नोकरीच्या आमिषानं माणसं नेऊन खंडणीसाठी डांबल्याचे प्रकार झाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती सवलतच थांबवण्यात आली. ज्यानं फक्त जुनी बातमी वाचली असेल, तो विमानतळावरूनच परत फिरेल.

व्हिएतनामच्या ई-व्हिसात कोणत्या ठिकाणातून आत येणार ते अर्जातच निवडावं लागतं. तेव्हा कुठल्याही देशाबाबत तीन प्रश्न विचारायचे: हा व्हिसा जमिनीच्या सरहद्दीवर चालतो का? कोणत्या चौकीवर चालतो? ती चौकी आज परदेशी लोकांसाठी उघडी आहे का? चौक्यांची दुरुस्ती निघते, काही फक्त स्थानिकांसाठी असतात, काही रात्री बंद होतात.

प्रत्यक्ष सरहद्दीवर

शिमकेंत-ताश्कंद रस्त्यावर कझाक बाजूची चौकी झिबेक झोली आणि उझबेक बाजूची गिश्त-कुप्रिक. जुने लोक हिला चेर्नयायेवका म्हणतात. गर्दीची सरहद्द आहे. इकडचे तिकडचे नातेवाईक, मजूर, बाजारहाट करणाऱ्या बायका, सगळे पिशव्या घेऊन रांगेत.

टॅक्सी अलीकडंच सोडते. तिथून पायी. आधी कझाक अधिकारी पासपोर्ट बघून बाहेर पडल्याचा शिक्का मारतो. मग मधला पट्टा चालून उझबेक खोलीत जायचं. तिथं पासपोर्ट, व्हिसा, फोटो. नंतर सामान एक्स-रे मशीनमधून. दोन्ही शिक्के पडले का, तारीख बरोबर आहे का, ते तिथंच उभं राहून बघा. शिक्का राहिला तर पुढं बाहेर पडताना तुम्ही 'आलातच कसे' असा प्रश्न उभा राहतो. लागणारा वेळ दिवसावर अवलंबून. सकाळी लवकर जाणं आणि सणासुदीचे दिवस टाळणं बरं.

रेल्वेनं थेट जायचं असेल तर तपासणी डब्यातच होते: सरीआगाश स्टेशनवर कझाक, केलेस स्टेशनवर उझबेक. घड्याळाचा गोंधळ आता राहिलेला नाही. कझाकस्ताननं १ मार्च २०२४ पासून सगळ्या देशाची वेळ एक केली, त्यामुळे अल्माटी आणि ताश्कंदची वेळ सारखीच आहे. भारत त्यांच्या अर्धा तास पुढं. जुन्या माहितीपुस्तकांत मात्र अल्माटी तासभर पुढं दिसेल.

सरहद्दीबाहेर टॅक्सीवाले घेरतात. 'यांडेक्स' ॲप दोन्ही देशांत चालतं. भाव त्यावर बघून मग बोलणी करावी. ताश्कंदच्या बाजूला नोटांचे आकडे बघून घाबरू नका, एका डॉलरला दहा हजारांहून जास्त सोम मिळतात. भारतातून निघताना रोख परकीय चलन एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नेता येतं. तेवढ्याची गरज पडत नाही. थोडे डॉलर अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घ्या आणि बाकी कार्डावर ठेवा.

मुक्कामाची नोंद

उझबेकिस्तानात परदेशी माणसाच्या मुक्कामाची नोंद तीन दिवसांत व्हावी लागते. हॉटेल, हॉस्टेल, गेस्टहाउस ती ऑनलाइन करतात. निघताना नोंदीची पावती मागून घ्या आणि देश सोडेपर्यंत जपा. ओळखीच्या विद्यार्थ्याच्या खोलीवर राहायचं असेल तर नोंद कोण करणार, हे आधी ठरवा. कझाकस्तानातही ज्याच्याकडं तुम्ही उतरता त्यानं तीन कामाच्या दिवसांत तुमच्या येण्याची माहिती द्यायची असते. १४ दिवस म्हणजे १४ दिवस. पंधराव्या दिवशी रेल्वे चुकली, ताप आला, हे कारण चालत नाही. दंड होतो आणि पुढच्या प्रवेशावर बंदी येऊ शकते. दोन दिवस हाताशी ठेवूनच बेत आखावा.

आपल्या लोकांनी खास लक्षात ठेवायच्या गोष्टी

हे मुस्लिम बहुसंख्येचे देश आहेत, मग आपल्याला काय अडचण, असं समजून काही लोक जातात. तिथले धर्मविषयक कायदे फार कडक आहेत. उझबेकिस्तानात धर्मप्रचाराला बंदी आहे, कझाकस्तानात नोंदणीशिवाय तो करता येत नाही. तबलीगी जमातीवर कझाकस्ताननं २०१३ मध्ये बंदी घातली. टुरिस्ट व्हिसावर गश्त, बयान, पुस्तकं वाटणं यातलं काहीही करू नये. धार्मिक पुस्तकांचे गठ्ठे सामानात नकोत. कुणी 'तिकडं एवढं पोहोचवा' म्हणून पार्सल दिलं तर नम्रपणे नाही म्हणा.

चेहरा पूर्ण झाकणाऱ्या नकाबाला दोन्ही देशांत सार्वजनिक जागी मनाई आहे. उझबेकिस्तानचा नियम २०२३ चा, कझाकस्तानचा २०२५ चा. डोक्यावर स्कार्फ, हिजाब चालतो. ज्या भगिनी नकाब वापरतात त्यांनी हे जाण्याआधी घरात बोलून ठरवावं. सरहद्दीवर हा वाद घालायची जागा नाही.

औषधांचंही बघा. ट्रामाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, झोपेच्या गोळ्या यांवर उझबेकिस्तानात कडक नियम आहेत. लागणारी औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. ड्रोन नेऊच नका, तो जप्त होतो.

आणि भीतीबद्दल. माझं नाव बघून, दाढी बघून थांबवतील का, हा प्रश्न मुलं हळू आवाजात विचारतात. अधिकारी कुणालाही प्रश्न विचारू शकतो: कुठं चाललात, किती दिवस, पैसे किती, परत कधी. परतीचं तिकीट, पहिल्या दोन रात्रींचं बुकिंग, बँकेचं स्टेटमेंट आणि नोकरी किंवा कॉलेजचं पत्र हातात असलं की उत्तरं दोन मिनिटांत संपतात. खरं बोला, थोडक्यात बोला, चेष्टा करू नका.

टुरिस्ट व्हिसावर नोकरी नसते

हे सगळ्यात गंभीर. थायलंडला भारतीयांना व्हिसा लागत नाही म्हटल्यावर कितीतरी तरुण 'डेटा एन्ट्रीची नोकरी' म्हणून तिकडं गेले. तिथून त्यांना माए सोतजवळची नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावाडीत नेलं. शिक्का नाही, व्हिसा नाही, पासपोर्ट काढून घेतलेला. तिथं त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारनं हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना तिथून परत आणलं.

ती मुलं पर्यटक म्हणूनच निघाली होती. तेव्हा आई-वडिलांनी एवढं करावं: मुलगा बाहेर निघाला की तिकीट आणि मुक्काम कुणी काढलं, ते विचारावं. 'एजंटनं' असं उत्तर आलं आणि बदल्यात काही काम असेल, तर थांबवावं. चौकीचा शिक्का न घेता कुणी नदी, शेत किंवा कुंपण ओलांडायला सांगितलं, तर तो माणूस कितीही ओळखीचा असो, तिथूनच मागं फिरायचं. शिक्का असला तर तुम्ही त्या देशातले पाहुणे आहात. शिक्का नसेल तर तुम्हाला मदत करायला आपला दूतावासही सहज पोहोचू शकत नाही.

निघण्याआधी

पासपोर्ट, व्हिसा, विमा, तिकिटं यांच्या प्रती घरच्यांकडं द्या. ताश्कंद आणि अस्तानातल्या भारतीय दूतावासांचे नंबर मोबाइलमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडं लिहा. रोज ठरलेल्या वेळी एक मेसेज करायचा आणि सरहद्दीच्या दिवशी दोन: एक अलीकडून, एक पलीकडून. थोडं रशियन शिका, निदान अक्षरं तरी, म्हणजे स्टेशनच्या पाट्या वाचता येतील. उर्दू येणाऱ्यांना उझबेक भाषेत किताब, दोस्त, मेहमान, बाजार हे शब्द कानावर पडतील आणि बरं वाटेल.

पहिल्यांदाच बाहेर पडत असाल तर आधी नेपाळ करा. गोरखपूरहून सोनौली ओलांडायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र सोबत ठेवा. रांग कशी असते, चौकी कशी असते, सामान कसं सांभाळायचं, हे कमी खर्चात कळतं.

नियम बदलतात, फी बदलते. आम्ही दिलेले आकडेही अर्ज करायच्या दिवशी सरकारी पोर्टलवर ताडून बघा. अर्ज भरताना कुठं अडलं तर शाळेतल्या, कॉलेजातल्या शिक्षकाला विचारा. इंग्रजी फॉर्म वाचून समजावणं हे आमचंच काम आहे. फॉर्म मात्र मुलांनी स्वतःच्या हातानं भरावा. ज्यानं स्वतः भरला त्याला सरहद्दीवर काय लिहिलं होतं ते आठवतं.